दुसरी नोकरी कुठे आहे?

मित्रहो, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी 22 वर्षं माणसं निवडण्याचं काम केलं. अर्ज ढीगभर येतात, पण कामाचा माणूस मिळत नाही, ही तक्रार मी आजही ऐकतो. मग कुणीतरी म्हणतं, पोरांना पुण्याची हवा लागली. मला हे पटत नाही.

हिंगणघाटच्या एका जिनिंग (कापसातली सरकी काढणाऱ्या) कारखान्याच्या मालकांसाठी ओळखीपोटी मी मुलाखतींना बसलो होतो. आर्वीचा एक मुलगा आला, इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेला. मोटर सुरू होताना खटका पडतो, काय बघशील, असं विचारलं. त्याने माझ्यापुढचा कागद ओढला आणि मोटर सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती न अडखळता काढली. टायमर कुठे बसतो तिथे पेन टेकवून म्हणाला, "आधी हे बघीन." मालक खूश झाले. पुण्यापेक्षा दोन हजार जास्त देतो म्हणाले. पोरगा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, कापसाचा हंगाम संपल्यावर मी कुठे जाऊ?"

मालकांना उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

पुण्याजवळच्या चाकणला एका कंपनीत पटलं नाही तर शेजारच्या गेटवर अर्ज देता येतो. खोलीभाडं, मेस वजा केलं तर हातात फारसं उरत नाही, हा हिशोब पोरांना आपल्यापेक्षा चांगला येतो. तरी ती जातात, कारण तिथे दुसरी नोकरी आहे. लग्न झालं की बायकोलाही नोकरी हवी असते. काटोल-उमरेडला तिच्या शिक्षणाजोगं काम कुठे आहे? मुलाखतीत हा विषय आपण काढतही नाही. नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस आल्या तेव्हा संगणकवाल्या पोरांना नागपुरातच दुसरं दार मिळालं. डिप्लोमावाल्यांना तालुक्यात ते अजून मिळालेलं नाही.

आणि एक हुशार मुलगा गेला की एकटा जात नाही. आपल्याकडे भरती ओळखीने होते. मित्राचा भाऊ, मामाचा मुलगा, सगळे त्याच्या मागे जातात. नवख्याला हाताशी धरून शिकवणारा उरत नाही. मग मालक जाहिरातीत तीन वर्षांचा अनुभव मागतात. तो अनुभव पोराने आणायचा कुठून?

सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली सुरू झालं. तिथल्या एमबीबीएस झालेल्यांना तिथेच पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करावी लागायची. मला त्यातली सक्ती घ्यायची नाही. गावातली दोन वर्षं पुढचं दार उघडतात, ही गोष्ट घ्यायची आहे. जिनिंगवाल्यांनी आणि बुटीबोरीच्या कारखान्यांनी मिळून एक माणूस का घेऊ नये? हंगामात तिकडे, पावसाळ्यात इकडे, पगार बाराही महिने. बाविसाव्या वर्षी पोरगं जाणारच, त्याला जाऊ द्या. पण तिशीनंतर आईवडील थकतात, तेव्हा परत यायचा विचार त्याच्या मनात येतोच. त्या वयाच्या माणसाला आपण कधी विचारतो का?

आर्वीचा तो मुलगा आज चाकणला आहे. दर दिवाळीला फोन करतो. गेल्या दिवाळीत पहिल्यांदाच म्हणाला, "सर, बाबांना आता वावर झेपत नाही. बुटीबोरीत काही आहे का?" मी त्याचा बायोडेटा तीन ठिकाणी दिला. दोघांचं काही उत्तर नाही. तिसऱ्यांनी विचारलं, "इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस इथे टिकेल का?"