वॉरंट हातात येण्याआधीचे 48 तास

(दृश्य: ओहायो नदी. एका काठावर सिनसिनाटी, समोर कव्हिंग्टन. पुलावर गाड्यांची रांग.)

ही ओहायो नदी. या काठावर सिनसिनाटी, ओहायो राज्य. पूल ओलांडला की कव्हिंग्टन, म्हणजे केंटकी. मध्ये फक्त एक नदी, पण पलीकडे पोलीस वेगळे, कोर्टं वेगळी, राज्याचे कायदे वेगळे. गुन्हा करून पळणाऱ्याला एवढी सोय पुरते. वॉरंट अजून हातात नसताना पलीकडच्या पोलिसांना निरोप कसा द्यायचा, त्याची ही गोष्ट.

4 डिसेंबर 1981. सिनसिनाटीला लागून असलेल्या सेंट बर्नार्ड गावातल्या एका बारवर सशस्त्र लूट पडली. सहा दिवसांनी एका खबऱ्यानं पोलिसांना नाव दिलं. लुटारूंना घेऊन पळालेली गाडी हेन्सली नावाचा माणूस चालवत होता. सेंट बर्नार्डच्या अधिकाऱ्यानं तो जबाब लेखी घेतला आणि लगेच आसपासच्या सगळ्या पोलीस खात्यांना टेलिप्रिंटरवरून एक पत्रक पाठवलं. त्यात संशयिताचं वर्णन होतं, गुन्ह्याची तारीख आणि ठिकाण होतं, सापडला तर आमच्यासाठी धरून ठेवा अशी विनंती होती आणि एक इशारा होता: तो सशस्त्र आणि धोकादायक आहे असं समजूनच पुढे जा.

वॉरंट मात्र नव्हतं.

(दृश्य: पोलीस ठाण्यातली हजेरी. एक अधिकारी कागद वाचून दाखवतो आहे.)

पत्रक कव्हिंग्टनला पोचलं. पुढचे सहा दिवस प्रत्येक पाळी बदलताना ते मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. 16 डिसेंबरला तिथल्या एका पोलिसाला भर रस्त्यात थांबलेली पांढरी कॅडिलॅक दिसली. त्यानं चालकाला, म्हणजे हेन्सलीला, पुढे व्हायला सांगितलं आणि वायरलेसवर विचारलं, याच्या नावावर वॉरंट आहे का? कंट्रोल रूमचं उत्तर येण्याआधीच दुसऱ्या दोन गाड्यांमधले सहकारी मध्ये बोलले. ओहायोतल्या लुटीचं काहीतरी आहे बहुतेक, असं ते म्हणाले. पाळीच्या वेळी ऐकलेलं नाव त्यांच्या लक्षात होतं.

आता गंमत पाहा. कंट्रोल रूमला पत्रकच सापडेना. ते सिनसिनाटी पोलिसांनी काढलं असं समजून त्यांनी फोन लावला तिकडे. तिथले कारकून अस्तित्वातच नसलेलं वॉरंट शोधत बसले. तोवर इकडे गाडी थांबवली गेली होती. एक अधिकारी रिव्हॉल्व्हर काढून, नळी आकाशाकडे धरून पुढे गेला आणि हेन्सली आणि सोबतचा प्रवासी, दोघांना खाली उतरवलं. दुसऱ्या अधिकाऱ्याला उघड्या दारातून सीटखाली डोकावणारी पिस्तुलाची मूठ दिसली. झडतीत आणखी दोन शस्त्रं निघाली.

प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. युनायटेड स्टेट्स विरुद्ध हेन्सली, निकाल 1985. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलेल्या या निकालावर सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत होतं. पत्रक काढणाऱ्या खात्याकडे ठोस वस्तुस्थितीवर उभा असलेला संशय असेल, तर दुसरं खातं त्या पत्रकावर विसंबून माणसाला थोडा वेळ थांबवू शकतं, ओळख विचारू शकतं. पण ‘धरून ठेवा’ एवढं लिहिल्यानं अटकेचा अधिकार तयार होत नाही. आणि मूळ संशयच पोकळ असेल, तर पत्रक वाचून प्रामाणिकपणे गाडी अडवणाऱ्याची कारवाईही कोसळते.

माझ्या मते या सगळ्या यंत्रणेची खरी अडचण हीच आहे. निरोप शंभर मैल क्षणात जातो, निरोपामागचं कारण मात्र पाठवणाऱ्याच्या टेबलावरच्या फाइलीत राहतं.

(दृश्य: क्लार्क्सबर्ग, वेस्ट व्हर्जिनिया. एफबीआयची इमारत, दुरून.)

टेलिप्रिंटरच्या जोडीला आणि पुढे त्याच्या जागी संगणक आला. एफबीआयची एनसीआयसी ही देशव्यापी नोंदणी जानेवारी 1967 मध्ये सुरू झाली. चोरीच्या गाड्या, नंबर प्लेटा, बंदुका, हवे असलेले आरोपी, सगळं एका ठिकाणी. त्यातल्या ‘हवे असलेले’ या विभागात बहुतेक नोंदींमागे वॉरंट असतं. पण एक प्रकार वेगळा आहे, तात्पुरती फेलनी नोंद. फेलनी म्हणजे ढोबळमानानं एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा.

ही नोंद टाकायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माणसानं गंभीर गुन्हा केला असं मानायला वाजवी कारण हवं. तो हद्द ओलांडून पळेल अशी शक्यता हवी. आणि वॉरंट तातडीनं मिळवणं शक्य नाही अशी परिस्थिती हवी. ‘उद्या बघू’ याला परिस्थिती म्हणत नाहीत.

नोंद टाकल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. 48 तासांनी संगणक ती स्वतःहून काढून टाकतो. तेवढ्यात तपास अधिकाऱ्यानं वॉरंट मिळवायचं आणि पक्की नोंद करायची.

आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करतात आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. अमेरिकेतही वाजवी कारण असेल तर फेलनीच्या संशयिताला सार्वजनिक ठिकाणी वॉरंटशिवाय पकडता येतं, हे 1976 पासून स्पष्ट आहे. त्याच्या घरात शिरायचं मात्र चालत नाही. तिथे, आणीबाणीची वेळ सोडली, तर वॉरंटच लागतं, हा 1980 चा निकाल. म्हणजे तात्पुरती नोंद रस्त्यावर कामाची, उंबरठ्यावर नाही.

(दृश्य: गस्तीच्या गाडीतला लॅपटॉप. पडद्यावर ओळी सरकतात. रात्र.)

पोलिसानं गाडी अडवली, नाव टाकलं, ‘हिट’ आली, म्हणजे नाव नोंदीशी जुळलं. सिनेमात इथे बेड्या पडतात. नियम सांगतो, हिट म्हणजे अटकेचा हुकूम नव्हे. आधी नोंद करणाऱ्या खात्याला विचारायचं: तुमचा माणूस हाच का? अजून हवा आहे का? तातडीची विचारणा असेल तर दहा मिनिटांत उत्तर द्यावं लागतं, नेहमीची असेल तर तासाभरात. म्हणून नोंद करणाऱ्या खात्यात रात्री तीन वाजताही कुणीतरी फाइल काढून बघायला जागं असावं लागतं.

हे का लागतं, ते अलाबामात दिसलं. 2004 मध्ये कॉफी काउंटीच्या पोलिसांनी शेजारच्या डेल काउंटीच्या संगणकातलं वॉरंट पाहून एकाला पकडलं. कारकून मूळ कागद काढायला गेली, तर कागदच सापडेना. वॉरंट पाच महिन्यांपूर्वी मागे घेतलेलं, नोंद तेवढी राहून गेलेली. दहा-पंधरा मिनिटांत हे कळलं, पण तोवर अटक आणि झडती दोन्ही उरकली होती. झडतीत सापडलेले पुरावे सुप्रीम कोर्टानं 2009 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ग्राह्य धरले.

नोंदीत आणखी एक रकाना असतो, सावधगिरीचा. त्यात आकडे भरतात. 00 म्हणजे सशस्त्र आणि धोकादायक. 05 हिंसक प्रवृत्ती, 15 स्फोटकांची माहिती, 25 निसटण्याचा धोका, 70 आत्महत्येची प्रवृत्ती. आणि त्याच यादीत 50 हृदयविकार, 90 मधुमेह. पकडणाऱ्याला जपायचं, तसं पकडलेल्यालाही. कोठडीत इन्सुलिन चुकलं तर तोही जीवावरचा प्रसंग.

00 वाचल्यावर पोलीस गाडीकडे कसा चालत जातो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून वर्णनाचे रकाने रिकामे ठेवणं महागात पडतं. 1980 च्या दशकात मिशिगनच्या एका माणसाला दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा अटक झाली. खऱ्या आरोपीनं त्याची ओळख वापरली होती, आणि त्या आरोपीच्या अंगावरच्या खुणा माहीत असूनही लॉस एंजेलिस पोलिसांच्या नोंदीत घातल्या गेल्या नव्हत्या.

(दृश्य: सेंट लुईस काउंटी, मिसूरी. दुपार, उपनगरातला रस्ता.)

घड्याळ सैल सोडलं की काय होतं, हे बघायला मिसूरीत यावं लागतं. सेंट लुईस काउंटीत पोलीस स्वतःच ‘वॉन्टेड’ नोंद टाकत. ना न्यायाधीश, ना वॉरंट. दिसेल तिथे पकडा, एवढाच निरोप. 48 तासांत नोंद पुसली जाण्याची सक्ती इथे नव्हती. याच काउंटीतल्या फर्ग्युसनच्या पोलिसांची चौकशी करून अमेरिकेच्या न्याय खात्यानं मार्च 2015 मध्ये अहवाल दिला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की या नोंदी न्यायालयाला वळसा घालण्याची वाट झाल्या आहेत. वॉरंट मागण्याइतका पुरावा नसतानाही त्या टाकल्या जात होत्या. पळणाऱ्याला गाठण्यासाठी असलेलं हत्यार चौकशीला माणूस आणून बसवण्यासाठी वापरलं जात होतं.

2016 मध्ये याविरुद्ध खटला दाखल झाला. 2022 मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे मिसूरीसह काही राज्यांची अपिलं ऐकणाऱ्या, केंद्रीय अपील न्यायालयानं ही पद्धत मुळातून रद्द केली नाही. पण तिच्या वापरात राज्यघटनेचा भंग होण्याचा धोका मोठा आहे, असं बजावलं. आणि मग एकेका अर्जदाराचं प्रकरण घेऊन, ज्या अधिकाऱ्यानं नाव टाकलं त्याच्याकडे त्या दिवशी नेमकी काय माहिती होती, हे तपासलं.