पाय पेडलवर आहे, हे गाडीला कसं कळतं?

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक छोटी गाडी दुरुस्तीला आली. दर सकाळी बॅटरी उतरलेली. मालकाने नवी बॅटरी टाकून पाहिली, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून घेतला, तरी तेच. मी ड्रायव्हरच्या पायाशी टॉर्च मारला, तर मॅटवर प्लास्टिकचे बारीक तुकडे. मागे जाऊन पाहिलं, तर चावी काढलेली असूनही ब्रेकचे दिवे लख्ख पेटलेले. गाडी रोज भिंतीला पाठ लावून उभी राहायची, त्यामुळे कुणाला दिसलंच नव्हतं. हिशोब करा. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दहा तासांत रिकामी!

ते तुकडे होते पेडलच्या स्टॉपरचे. पेडलच्या वर ब्रॅकेटमध्ये ब्रेक स्विच बसवलेला असतो. पाय नसताना पेडल त्याचं बटण दाबून ठेवतं. पेडल खाली गेलं की स्प्रिंग बटण बाहेर ढकलते आणि दिवे लागतात. पेडल जिथे बटणाला टेकतं, तिथे भोकात हा स्टॉपर असतो. तो कुजून पडला की बटण त्या भोकातून आरपार जातं, आणि स्विचला वाटतं, ब्रेक दाबलेलाच आहे.

पूर्वी एवढ्यावर भागायचं, कारण स्विचचं काम फक्त दिवे लावणं. आता त्याच्यावर इंजिनचा कंट्रोलर विसंबतो, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस विसंबतं. ब्रेकला पाय लागला की क्रूझ, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता वेग कायम ठेवणारी सोय, सुटायला हवं. ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ब्रेक दाबल्याशिवाय 'पी'मधून, म्हणजे पार्किंगमधून, हलत नाही, बटण दाबून सुरू करायची गाडी सुरूच होत नाही. अमेरिकेत २००९-१० मध्ये मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकण्यावरून टोयोटाने गाड्या परत बोलावल्या, आणि दोन्ही पेडल एकदम दाबली गेली तर इंजिनची ताकद कमी करणारी यंत्रणा पुढे आणली. पाय ब्रेकवर आहे, ही खबर तिथेही लागतेच.

म्हणून बऱ्याच गाड्यांत स्विचला चार पिना दिसतात. आत दोन कॉन्टॅक्ट, एकमेकांच्या उलट. पाय नसताना एक उघडा, म्हणजे वीज जात नाही; दुसरा जोडलेला, म्हणजे वीज जाते. पाय ठेवला की अदलाबदल. मला ही योजना फार आवडते. एकच वायर असती आणि ती तुटली असती, तर कंट्रोलरला ते 'ब्रेक दाबलेला नाही' असंच दिसलं असतं. दोन असल्या की दोघींचं म्हणणं जुळत नाही हे त्याला कळतं. तो पी०५०४ हा बिघाडाचा कोड नोंदवतो आणि क्रूझ चालू होऊ देत नाही. काही गाड्यांत आता कॉन्टॅक्टच्या जागी चुंबक आणि ते जवळ आहे की नाही हे ओळखणारा हॉल सेन्सर असतो, पण उलटतपासणी तीच.

आता कळकळीने सांगतो. बटण दाबून गाडी सुरू होत नाही म्हणून ब्रेकची वायर डायरेक्ट, म्हणजे स्विचला वगळून, जोडून देणारे मी पाहिलेत. दिवे विझत नाहीत म्हणून कनेक्टरच काढून ठेवणारेही पाहिलेत. घाटात मागून येणाऱ्या ट्रकला मग तुम्ही थांबताय हे कशावरून समजणार? स्टॉपर काही रुपयांचा असतो, स्विचही फार महाग नसतो. कंट्रोलरची माहिती वाचणारा स्कॅनर लावा, लाइव्ह डेटात दोन्ही सिग्नल बघत पेडल सावकाश दाबा. पेडल किंचित हलताच दोन्ही बदलले पाहिजेत. उशिरा बदलत असतील तर आधी स्विचची ॲडजस्टमेंट बघा.

हा जुना स्विच आणि हा मल्टिमीटर. पुढच्या रांगेपासून फिरवा, बटण दाबून स्वतः मोजा.