कर्ज फिटलं, पण घरावरचा लीन उतरला का?

(कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. घराचं कर्ज फिटलं की बँकेचं पत्र येतं, अभिनंदन, तुमचा बॅलन्स झीरो, आणि आपण ते पत्र फ्रिजवर लावतो. कोणी पार्टी पण देतं. माझं म्हणणं एवढंच की ते पत्र म्हणजे बँकेने तुम्हाला सांगितलं, काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीला, अजून कोणीच काही सांगितलेलं नाहीये. फ्रीमाँटला घर असेल तर अलामेडा काउंटी, सनीवेलला असेल तर सँटा क्लारा, तिथल्या रेकॉर्डर ऑफिसच्या दृष्टीने तुमच्या घरावर अजून कर्ज आहेच. तो लीन, म्हणजे घरावरचा बोजा, उतरवायला वेगळा कागद लागतो, तो कोणीतरी बनवावा लागतो, त्यावर सही आणि नोटरी करावी लागते आणि काउंटीत दाखल करावा लागतो. हे दाखल करायचं काम कागदावरून इलेक्ट्रॉनिक कसं झालं, त्याने काय सुधारलं आणि काय अजिबात सुधारलं नाही, ते मी आज सांगणारे. मी बरीच वर्षं एस्क्रोमध्ये, म्हणजे घराच्या व्यवहारात पैसे आणि कागद मध्ये सांभाळणाऱ्या कंपनीत, काम करते त्यामुळे यातली चांगली बाजू पण बघितलीये आणि वैताग पण.

आधी एक गोष्ट क्लियर करू, कारण आपल्या डोक्यात गावचा सातबारा असतो. तिकडे सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज फिटलं की बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचं, फेरफार होतो आणि इतर हक्कातला बोजा कमी होतो, आता ई-हक्कवर ऑनलाइन अर्जही करता येतो. म्हणजे सातबारा हा आजची स्थिती सांगणारा उतारा आहे. इथे काउंटीकडे तसा उताराच नसतो! इथे नुसते कागद असतात, एकामागून एक नंबर लावून ठेवलेले, आणि नावांचा इंडेक्स. तुम्ही 2012 साली घर घेताना जो डीड ऑफ ट्रस्ट (घर तारण ठेवल्याचा कागद) दाखल झाला तो कधीच पुसला जात नाही, तो तिथेच राहतो, फक्त नंतरच्या तारखेचा दुसरा कागद येतो ज्यात लिहिलेलं असतं की अमुक तारखेला अमुक नंबरने दाखल झालेला लीन आता सोडला. हा दुसरा कागद सापडला नाही तर पहिला जिवंत. घर विकताना टायटल कंपनीचा, म्हणजे मालकीचे कागद तपासणाऱ्या कंपनीचा, माणूस हेच करत बसतो, प्रत्येक जुन्या लीनला त्याचा सोडलेला कागद सापडतो का ते बघत.

कॅलिफोर्नियात या कागदाला रीकन्व्हेयन्स म्हणतात, न्यूयॉर्कला सॅटिस्फॅक्शन, टेक्सासला सरळ रिलीज ऑफ लीन. तुमचे नातेवाईक डॅलसला असतील तर काम तेच, फक्त नाव आणि मुदती बदलतात.

पूर्वी हे किती साधं होतं बघा. बऱ्याच राज्यांत कर्ज देणारा माणूस स्वतः काउंटीच्या ऑफिसात यायचा, क्लार्क ते जाडजूड रजिस्टर काढायचा, आणि मूळ कर्जाची नोंद ज्या पानावर आहे त्याच पानाच्या समासात तो लिहायचा की पैसे मिळाले, खाली सही, संपलं. गावात एकच बँक आणि सावकार ओळखीचा तोपर्यंत हे चाललं. मग कर्जं विकली जायला लागली, आज एका बँकेकडे, उद्या दुसरीकडे, हप्ता गोळा करणारी कंपनी तिसरीच, ती कुठल्यातरी लांबच्या राज्यात बसलेली. मग टपाल आलं. कागद तिकडे बनणार, पाकिटात चेक घालून काउंटीला जाणार, काउंटीत पाकिटांचा ढीग, कोणीतरी उघडणार, फी बघणार, समास पुरेसा आहे का बघणार, नोटरीचा शिक्का नीट उमटलाय का बघणार, आणि एवढं करून फी दोन डॉलर कमी निघाली की सगळं पाकीट परत! मग परत जाऊन परत येईपर्यंत महिना सहज जायचा, आणि तोपर्यंत ज्या माणसाने तो कागद बनवला त्याने नोकरीच सोडलेली असायची. हे विनोदाने सांगत नाहीये, हे असंच चालायचं.

आता इलेक्ट्रॉनिककडे येऊ. देशपातळीवर कायद्याचा पाया 1999 आणि 2000 मध्ये पडला. 1999 ला राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला, आणि जून 2000 मध्ये क्लिंटननी ई-साइन कायद्यावर सही केली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सही आहे म्हणून कोणी करार नाकारू शकत नाही. पण काउंटीच्या रेकॉर्डला त्यातून सरळ उत्तर मिळालं नाही, कारण रेकॉर्डिंगच्या जुन्या कायद्यांमध्ये मूळ कागद, शाईची सही, असले शब्द होते. म्हणून 2004 मध्ये खास जमिनीच्या रेकॉर्डसाठी वेगळा नमुना कायदा आला आणि राज्यं एकेक करून तो घेत गेली.

कॅलिफोर्निया मात्र वेगळ्याच रस्त्याने गेलं. खरं तर आपण सुरुवातीला पुढे होतो, ऑरेंज आणि सॅन बर्नार्डिनो या दोन काउंट्यांना नव्वदीतच खास परवानगी मिळाली होती. मग बाकीच्या काउंट्या म्हणाल्या आम्ही पण करतो, तर 2002 ला राज्याच्या ॲटर्नी जनरलचं मत आलं की नाही, तुम्हाला तसा अधिकार नाही. मग 2004 चा राज्याचा स्वतःचा कायदा, आणि त्यात एवढी सिक्युरिटी की विचारू नका. सिस्टिम राज्याच्या न्याय खात्याकडून सर्टिफाय करून घ्यायची, ज्यांच्या हातात सिस्टिमच्या किल्ल्या त्यांचे बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, ऑडिट. खर्च भागवायला दर कागदामागे जास्तीत जास्त एक डॉलर घ्यायची मुभा.

त्या कायद्यात मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते हे की कागदांचे दोन प्रकार केले. एक, ज्याने मालकी बदलते किंवा नवीन कर्ज चढतं, त्याला कडक नियम. आणि दुसरा, ज्यात रीकन्व्हेयन्स, ट्रस्टी (कर्ज फिटेपर्यंत तारण ज्याच्या नावे असतं तो तिसरा) बदलल्याचा कागद, आणि कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे गेल्याचा कागद, त्याला थोडे सैल नियम. म्हणजे लीन सोडण्याचे कागद सोप्या रांगेत. यामागचं लॉजिक सरळ आहे. हे कागद ढिगाने येतात, पाठवणारे ठराविक मोठे लोक असतात, मजकूर सगळ्यांचा सारखाच, फक्त नाव आणि नंबर बदलायचा, आणि घरमालकाचं त्यात नुकसान होत नाही, उलट त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. (धोका त्यात पण आहे, त्यावर येतेच.)

आता प्रत्यक्षात होतं काय. बरेच लोक समजतात की सगळं डिजिटल झालं. नाही हो. अजूनही बहुतेक वेळा कागदावर शाईने सही होते, नोटरी शिक्का मारतो, मग तो कागद स्कॅन होतो आणि स्कॅन केलेली इमेज एका मधल्या कंपनीच्या पोर्टलवरून काउंटीला जाते, सोबत नावं, जुन्या कागदाचा नंबर वगैरे माहिती टाईप केलेली. काउंटीतला माणूस स्क्रीनवर बघतो, ठीक असेल तर नंबर आणि वेळ चिकटवतो, आणि शिक्का मारलेली इमेज तासाभरात नाहीतर त्याच दिवशी परत. चूक असेल तर नाकारतो, कारण लिहितो, आपण दुपारच्या आत दुरुस्त करून परत पाठवतो. फी खात्यातून आपोआप कापली जाते, त्यामुळे ते दोन डॉलर कमीचं प्रकरण जवळजवळ संपलंच. माझ्या मते ई-फायलिंगचा खरा फायदा वेगापेक्षा हा आहे, की कागद नाकारला गेला हे लगेच कळतं. टपालाच्या काळात कागद नाकारला गेलाय हेच कोणाला कळायचं नाही.

आणि याची खरी परीक्षा झाली 2020 ला. मार्चमध्ये काउंट्यांचे काउंटर बंद, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 30 वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर पहिल्यांदाच 3 टक्क्यांच्या खाली गेला. तुमच्यापैकी निम्म्यांनी तेव्हा रीफायनान्स केलं असेल, म्हणजे नवीन कर्ज काढून जुनं फेडलं असेल, हात वर करायला सांगत नाही. प्रत्येक रीफायनान्स म्हणजे एक नवीन डीड ऑफ ट्रस्ट आणि एक जुना सोडायचा, म्हणजे कागद डबल. ज्या काउंट्या तोपर्यंत नुसत्या टपालावर होत्या त्यांना धडपडत इलेक्ट्रॉनिक व्हावं लागलं. आज देशातल्या 3 हजारांवर काउंट्यांपैकी 2 हजारांहून जास्त इलेक्ट्रॉनिक घेतात, आणि मोठी लोकवस्ती असलेल्या जवळपास सगळ्या.

मग एवढं सगळं असून लोकांचे लीन अडकतात का? कारण उशीर काउंटीत नव्हताच फारसा. उशीर बँकेत. कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत बँकेने कागदपत्रं ट्रस्टीकडे द्यायची, ट्रस्टीने 21 दिवसांत रीकन्व्हेयन्स दाखल करायचा, नाही केलं तर घरमालकाला नुकसानभरपाई आणि वर 500 डॉलर. 75 दिवस उलटले तरी काही झालं नाही तर टायटल कंपनी नोटीस देऊन स्वतः तो कागद दाखल करू शकते. न्यूयॉर्कला दंड पायरीपायरीने आहे, 30 दिवस झाले तर 500, 60 ला 1000, 90 ला 1500. आता बघा, या 51 दिवसांच्या साखळीत काउंटीचा भाग आधी दोनतीन आठवड्यांचा होता तो आता एक दिवसाचा झाला, पण बँकेच्या मागच्या खोलीत फाइल पडून राहिली तर जगातलं कुठलंही पोर्टल काही करू शकत नाही. आपल्याकडे भारतात पण हाच रोग होता म्हणून रिझर्व्ह बँकेने नियम केला, 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागदपत्रं परत आणि बोजा उतरवायचा, उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये. इथले 500 डॉलर एकदाच आहेत, तिकडे दर दिवसाला, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिकडचा नियम जास्त टोचणारा आहे.

आता धोका. रेकॉर्डर कागद खरा आहे का हे तपासत नाही, तपासायचं त्याचं कामच नाही, तो फक्त बघतो की फॉर्म बरोबर आहे, नोटरी आहे, फी आहे. 2010 च्या सुमाराला रोबो-सायनिंगचं, म्हणजे न वाचता घाऊक सह्या ठोकण्याचं, प्रकरण गाजलं ते आठवत असेल. जॉर्जियातली डॉकएक्स नावाची कंपनी बँकांसाठी असाइनमेंट (कर्ज दुसरीकडे गेल्याचे) आणि लीन सोडण्याचे कागद बनवायची, एकाच बाईच्या नावाने वेगवेगळे लोक वेगवेगळ्या अक्षरात सह्या ठोकायचे आणि नोटरी पण तसाच, अमेरिकन सरकारच्या खटल्यात आकडा आला 10 लाखांहून जास्त कागदांचा, आणि कंपनी चालवणारीला 2013 मध्ये 5 वर्षांची शिक्षा झाली. नॉर्थ कॅरोलायनातल्या गिलफर्ड काउंटीचे रजिस्ट्रार जेफ थिगपेन यांनी स्वतःच्या ऑफिसातले कागद काढून अशा सह्या शोधल्या होत्या. हे सगळे कागद काउंटीने बिनबोभाट घेतले होते, आणि इलेक्ट्रॉनिक आले असते तरी घेतलेच असते, फक्त लवकर. तेव्हा कोणी सांगितलं की ई-रेकॉर्डिंगने फ्रॉड थांबतो तर विश्वास ठेवू नका. कॅलिफोर्नियाने बोटांचे ठसे घेतले त्याला सुरुवातीला सगळे हसले, मी पण वैतागले होते, पण कोण पाठवतोय हे माहीत असणं एवढी एकच गोष्ट या साखळीत खरोखर उपयोगी आहे. खोटा रीकन्व्हेयन्स दाखल करून घर कर्जमुक्त दाखवायचं आणि त्यावर नवीन कर्ज काढायचं, असले उद्योग होतात.

प्रश्न आला होता हेलॉकबद्दल, ते नक्की सांगते कारण यात आपले लोक सगळ्यात जास्त फसतात. हेलॉक म्हणजे घर तारण ठेवून मिळणारी, क्रेडिट कार्डसारखी कर्जाची लाइन. तुम्ही सगळे पैसे भरून बॅलन्स झीरो केला तरी लाइन उघडीच, आणि लाइन उघडी तर लीन कायम, बँकेने काही चूक केलेली नाही. लाइन बंद करा असं लेखी द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात घर विकताना किंवा रीफायनान्सला 2015 पासून त्याचा ठराविक फॉर्म आहे, एस्क्रोवाले सही घेतात. पण तुम्ही आपलं आपण, बोनस आला म्हणून भरून टाकलं, तर फॉर्म द्यायला कोणी येणार नाही, स्वतः मागा.

काउंटीच्या साइटवर आपलं नाव टाकून इंडेक्स फुकट बघता येतो, कॅलिफोर्नियात बऱ्याच काउंट्या ऑनलाइन फक्त इंडेक्स दाखवतात, प्रत्यक्ष कागदाची इमेज नाही, कॉपी हवी तर थोडी फी. कर्ज फिटून दोन महिने झाले की बघा, रीकन्व्हेयन्स दिसतो का, आणि त्यात जो जुना नंबर लिहिलाय तो तुमच्याच डीड ऑफ ट्रस्टचा आहे का. एक आकडा चुकला तर कागद दाखल असूनही तुमच्या लीनला लागू होत नाही, आणि ते दहा वर्षांनी घर विकताना समजतं. सरकारी करांचा लीन असेल तर तो पण वेगळा, आयआरएसने (अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कर खातं) कर वसूल झाल्यावर 30 दिवसांत सोडायचा असतो, तोही काउंटीत दिसला पाहिजे.

शेवटचा प्रश्न, मागून कोणीतरी विचारलाय, की घर घेताना मोठ्या भावाने पैसे दिले होते, वकिलाने सांगितलं म्हणून रीतसर डीड ऑफ ट्रस्ट दाखल केला, आता पैसे फेडले पण दादा पुण्याला परत गेले, ऑनलाइन होईल का. बघा, इथे बँक म्हणजे दादाच. सामान्य माणसाला काउंटीच्या पोर्टलवर थेट कागद टाकता येत नाही, परवानगी असलेल्या कंपनीमार्फतच. आणि मूळ प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे फेडीन असं लिहून दिलेला कागद, शोधा आधी, ट्रस्टी ती मागणार, हरवली असेल तर वेगळं डिक्लरेशन. ट्रस्टी म्हणून जी टायटल कंपनी लिहिली होती ती आता अस्तित्वात नसेल तर दादांनी आधी ट्रस्टी बदलायचा. दादांची सही भारतात होणार, मग एक तर मुंबईला बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन नोटरी, एका शिक्क्याला 50 डॉलर, किंवा पुण्यातल्या नोटरीकडे सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. माझा सल्ला कॉन्सुलेटचा, कारण इथला क्लार्क तो शिक्का ओळखतो. मग मूळ कागद कुरियरने इकडे मागवा, आणि तो घेऊन काउंटरला जा किंवा टायटल कंपनीला स्कॅन करून पाठवायला सांगा. जाताना फी काउंटीला फोन करून विचारा, कारण 2018 पासून परवडणाऱ्या घरांच्या फंडासाठी बऱ्याच कागदांवर 75 डॉलर जास्तीचे लागतात, आणि लीन सोडण्याचा कागद त्यातून आपोआप सुटत नाही.