पत्र्यावर उमटलेलं घर

नमस्कार श्रोतेहो.

घराची आठवण दागिन्यात आणायची म्हटलं, की पहिल्यांदा सुचतं ते तिकोनी छप्पर. एक दार, एक खिडकी, वर कडी, लोलक तयार! दिसतं गोड, पण ते घर कुणाचंही असू शकतं. आपलं घर आपल्याला असं समोरून थोडंच आठवतं? ते हाताला आठवतं. खांदा लावल्याशिवाय न बसणारा कोयंडा, मधोमध झिजलेली पायरी, पडद्याची खरखरीत किनार.

ही किनार धातूवर उतरवता येते. तांब्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवला, की नरम पडतो. मग त्यावर पडद्याचा तुकडा ठेवायचा आणि दोन्ही मिळून फिरत्या पोलादी रुळांमधून दाबून काढायचे. वीण न् वीण उमटते. एखादा टाका उसवलेला असेल, तर तोही. मला विचाराल तर त्या उसवलेल्या टाक्यासाठीच एवढा खटाटोप करावा.

पुढे पत्रा ठोकत, वाकवत गेलं की तो पुन्हा कडक होत जातो. प्रत्येक घाव आतल्या स्फटिकांच्या रचनेत साठतो. पुन्हा तापवलं की पुसला जातो. न तापवता ठोकतच राहिलं, तर पत्रा तडकतो. चांदी तर हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते. उंचवटे पुसून खोलगट भागातला काळेपणा राहू दिला, तरच नक्षी नीट वाचता येते. सगळं लखलखीत करायची हौस इथे आवरलेली बरी.

आणि आठवणीला सोनंच लागतं असंही नाही. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८१३ साली, प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या स्त्रियांनी देशासाठी सोन्याचे दागिने दिले आणि बदल्यात लोखंडाचे घेतले. काहींवर ‘लोखंडासाठी सोनं दिलं’ अशा अर्थाची अक्षरं होती. ते काळे दागिने त्या स्त्रिया अभिमानाने मिरवत.

राहिला घरातल्या जुन्या दागिन्याचा प्रश्न. आटवायचा का? शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. सोनं राहतं, पण कोरलेलं नाव, झिजलेला फासा, सगळं जातं. मी म्हणेन, निदान तो फासा कापून नव्या दागिन्यात बसवा. तेही जमणार नसेल, तर आटवण्याआधी रबरी साचा तरी करून घ्या. त्यात मेण भरून दागिन्याची मेणाची प्रत काढायची, मग तिच्यावरून तसाच दागिना पुन्हा धातूत ओतता येतो. थंड होताना मेणही आकसतं, धातूही. त्यामुळे नवा दागिना मूळच्यापेक्षा किंचित लहान भरतो, एवढंच.