खेपा किती? गावच्या रेडिओवरचा एक तास

(टेबलावर तीन माईक, खाली दुमडून अंथरलेली चादर. पंखा बंद होतो.)

पंखा बंद केला की पाहुण्याची पहिली तक्रार उकाड्याची असते. मे महिना, खिडक्या बंद आणि तासभर बोलायचं. पण पंख्याची घरघर माईक जशीच्या तशी उचलतो. ती नंतर काढायला गेलं की माणसाचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्यामुळे कार्यक्रमाआधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करून घ्यायची आणि सहाच्या ठोक्याला सगळं बंद करायचं.

अशी खोली सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या रेडिओच्या, कुठल्याही केंद्रात दिसेल. केंद्र सरकारने 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये सामाजिक संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना असा रेडिओ चालवायची परवानगी दिली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडचं माणदेशी तरंग आणि सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळचं येरळावाणी ही दोन्ही केंद्रं दुष्काळी पट्ट्यातली. प्रक्षेपणाची ताकद साधारण 100 वॅटपर्यंत, अँटेना 30 मीटरपर्यंत. आवाज पाच-दहा किलोमीटर नीट जातो, आणि मध्ये डोंगर आडवा आला तर पलीकडच्या वाडीला तेवढाही नाही. पुण्यात एक केंद्र 90.4 मेगाहर्ट्झवर आणि म्हसवडचंही 90.4 वरच, तरी एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानावर पडत नाही.

परीघ लहान असल्याचा एक फायदा आहे. पाहुणा रेडिओवर जे बोलला, त्याबद्दल ऐकणारा त्याला दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर गाठू शकतो. चर्चेचा कार्यक्रम यावरच चालतो.

(खडूने फळ्यावर लिहिलेला विषय: टँकरच्या खेपा.)

नियम आधी माहीत हवेत. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, राजकीय घडामोडींवर चर्चाही घेता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र हवं तर जसंच्या तसं ऐकवायचं. मात्र पाणी-विजेच्या सूचना, हवामान, साथीचे रोग, परीक्षा, नोकरभरती, जत्रा हे सगळं चालतं. म्हणून ‘टँकर घोटाळा’ असा विषय घेता येत नाही, ‘टँकरच्या खेपा’ घेता येतो. खरं तर दुसऱ्यातूनच जास्त निघतं. घोटाळा म्हटलं की पाहुणा येतच नाही. खेपा म्हटलं की येतो, आणि त्याला आकड्यात बोलावं लागतं.

निवेदिकेने हा आकडा घरून काढून आणायचा असतो. टँकरच्या पाण्याचा हिशेब माणशी रोज 20 लिटरने होतो. दीड हजार वस्तीचं गाव धरलं, तर रोज 30 हजार लिटर. टँकर 10 हजार लिटरचा, म्हणजे रोज तीन खेपा. एवढं कागदावर मांडलं की प्रश्न आपोआप तयार होतो: “ग्रामसेवक साहेब, रोज तीन खेपा व्हायला हव्यात. मागच्या आठवड्यात नोंदवहीत किती आहेत?” याच्या उत्तरात ‘आमचे प्रयत्न चालू आहेत’ बसत नाही. ‘पाणीटंचाईबद्दल काय सांगाल?’ असं विचारलं, तर हेच वाक्य दहा मिनिटं ऐकावं लागतं. हा प्रश्न पाहुण्याला आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवायचा. त्याला पेचात पकडण्यात काही हशील नाही, नोंदवही घेऊन आला पाहिजे.

(पारावर रेकॉर्डर धरलेला हात. माईकवर स्पंजची टोपी.)

गावातले आवाज दोन दिवस आधी गोळा होतात. रेकॉर्डर तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. वाऱ्याकडे पाठ. प्रश्न दोनच: मावशी, पाणी किती दिवसांनी येतं? आणि तुमच्या वाट्याला किती हंडे येतात? मत विचारलं तर माणूस भाषण करतो, हंडे विचारले तर मोजून सांगतो. एकेक आवाज तीस-चाळीस सेकंदांचा कापायचा आणि असे चार ऐकवायचे. पाचव्याला ऐकणारा स्वयंपाकाला लागतो.

आता खोलीत. माईक डायनॅमिक प्रकारचा बरा. कंडेन्सर माईक नाजूक आवाज छान पकडतो, पण बाहेरची मोटरसायकल आणि शेजारचा कोंबडाही तेवढ्याच प्रेमाने पकडतो. तोंड आणि माईक यांत चार बोटं अंतर. माईक अगदी नाकासमोर नको, जरासा तिरका, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना धपकन हवा आदळते. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचा काटा बोलताना उणे 12 डेसिबलच्या आसपास खेळायला हवा. हसण्या-ओरडण्यात उणे 6 पर्यंत गेला तर चालेल, शून्याला टेकला की आवाज फाटला.

पाहुणे खुर्चीत मागे रेलतात. मग निवेदक बटण वाढवतो आणि आवाजासोबत खोलीचा घुमाराही वाढतो. उपाय साधा आहे: टेकायला पाठ नसलेलं स्टूल. बांगड्या टेबलावर आपटतात म्हणून चादर. कागदांची पिन काढून पानं सुटी ठेवायची, म्हणजे उलटताना फडफड नाही. भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या की घुमारा बराच कमी होतो. अंड्यांचे ट्रे मात्र कोणीही कितीही सांगितलं तरी चिकटवू नयेत. आवाज फारसा शोषत नाहीत आणि पेटतात लवकर.

(मिक्सर, म्हणजे माईक आणि फोनचे आवाज एकत्र करणारी पेटी. एका बटणाखाली पांढरी पट्टी, त्यावर ‘फोन’.)

सगळ्यात जास्त गडबड फोनवर होते. फोन करणाऱ्याला निवेदिका आणि पाहुणा दोघंही ऐकू यायला हवेत, फक्त त्याचा स्वतःचा आवाज त्याच्याकडे परत जाता कामा नये. मिक्सरवर ‘ऑक्स’ नावाच्या बटणांची एक रांग असते. फोनकडे जाणारा आवाज त्या रांगेतून पाठवायचा. दोन्ही माईकचं ऑक्स वर, आणि फोनच्या पट्टीचं ऑक्स पूर्ण खाली. कोणीतरी साफसफाई करताना ते शेवटचं बटण फिरवतं आणि संध्याकाळी फोन करणाऱ्याला आपलंच बोलणं कानात घुमताना ऐकू येतं. तो गोंधळून थांबतो, निवेदिका “हॅलो, हॅलो” करत राहते. म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी.

दुसरी गडबड फोन करणाऱ्याच्या घरात. त्याचा रेडिओ शेजारीच मोठ्याने चालू असतो. “दादा, आधी रेडिओ बारीक करा” हे वाक्य फोन हवेवर घेण्याआधीच बोलायचं. तेव्हाच नाव, गाव आणि प्रश्न एका वाक्यात विचारून चिठ्ठी आत द्यायची. शिवीगाळ अडवायला दहा सेकंद उशिराने आवाज सोडणारं यंत्र लहान केंद्रांकडे सहसा नसतं. ही चिठ्ठीच त्यांची चाळणी. पाहुण्याला कानाला हेडफोन लावायला लाज वाटते, पण तो नसेल तर फोनवरचं काहीच त्याला ऐकू येणार नाही, कारण माईक चालू असताना खोलीतला स्पीकर बंदच ठेवावा लागतो. आणि सगळ्यांचे मोबाईल बाहेर. माईकच्या वायरीजवळ मोबाईल, विशेषतः टू-जीवर चालणारा, ठेवला की रिंग वाजायच्या आधीच रेडिओवर टर्र-टर्र-टर्र सुरू.

ऐकणारा कधीही येऊन बसतो. दूध काढून झालं की रेडिओ लावला, तेव्हा सहा वाजून वीस झालेले. म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी पाहुण्याचं नाव आणि विषय पुन्हा सांगायचा. फोन नंबर दोन-दोन आकड्यांत, सावकाश, दोनदा.

‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’ हे शब्द टाळायचे. हाच कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागतो. पाहुणा म्हणाला, “उद्या टँकर येईल,” आणि गुरुवारी सकाळी ते ऐकून बाया शुक्रवारी हंडे घेऊन रांगेत. निवेदिकेने तिथल्या तिथे दुरुस्त करायचं: “उद्या म्हणजे गुरुवार, 15 मे ना? किती वाजता? शाळेपाशी की मारुतीच्या देवळापाशी?” पाहुणा थोडा वैतागतो. वैतागू द्यावं.

लाईट जाणार हे गृहीतच धरायचं. संगणक आणि मिक्सर यूपीएसवर, ट्रान्समीटर इन्व्हर्टरवर. संगणक तरीही बंद पडला तर मिक्सरला जोडलेल्या जुन्या, सिम नसलेल्या मोबाईलवर दोन ओव्या तयार ठेवलेल्या असतात. पाच सेकंद शांतता गेली की लोक चॅनल बदलतात.

कार्यक्रम संपला की फाईल जपून ठेवायची. प्रत्येक प्रसारण तीन महिने ठेवणं बंधनकारक आहे. 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत एका तासाला साधारण 58 एमबी लागतात. रोज आठ तास प्रसारण असेल तर नव्वद दिवसांचे जेमतेम 42 जीबी. हार्ड डिस्कला काहीच नाही. फाईलच्या नावात तारीख, विषय आणि पाहुण्याचं पद घालायचं, नाहीतर ‘न्यू रेकॉर्डिंग 37’ मधून काय शोधणार?

(टेबलाच्या खणातून लाल कापडी बांधणीची वही निघते.)

आणि ही वही. चार रकाने: कोण बोललं, काय कबूल केलं, कोणती तारीख, झालं का. पाहुणा उठायच्या आधी त्याचं वाक्य त्याला वाचून दाखवायचं. बरोबर लिहिलंय ना, असं विचारायचं. सही घ्यायची नाही, सहीला माणूस बिचकतो. पंधरा तारखेनंतर त्या वाडीतल्या दोघांना फोन करून चौथा रकाना भरायचा. तीन खेपा झाल्या, की दोन, की टँकर आलाच नाही. पाहुण्यालाही फोन करून त्याचं कारण त्याच्या तोंडून घ्यायचं, कारण कधी कधी विहिरीवरची मोटरच जळालेली असते.

पुढच्या बुधवारी सहा वाजता, शीर्षकधून संपल्यावर, निवेदिका पहिल्यांदा हा चौथा रकाना वाचते. नवा पाहुणा तोवर स्टुलावर येऊन बसलेला असतो.