३३ मिनिटं आणि आठ तासांची झोप

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या फाशांच्या भूमिका-खेळात आवडती विज्ञानमालिका फँटसी कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेत, आणायची ठरली की बहुतेक डंजन मास्टर (खेळ चालवणारे) आधी वस्तूंची यादी करायला बसतात. यानाचं गलबत, लेझर बंदुकीची कांडी, रोबोचा गोलेम, म्हणजे जादूने चालणारा पुतळा. पहिली दोन सेशन ओळखीच्या खुणा सापडतात, मजा येते. तिसऱ्या सेशनला सगळे नेहमीसारखे गुहेत शिरून खजिना शोधू लागतात, आणि मालिकेतल्या ज्या गोष्टीने आपली झोप उडवली होती ती टेबलावर येतच नाही.

वस्तू आणण्यात गैर काही नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्स्पेडिशन टु द बॅरिअर पीक्स’मध्ये सरळ एक कोसळलेलं अंतराळयानच ठेवलं होतं. पण त्याची गंमत वेगळी. मालिका आणायची असेल, तर तिच्यातल्या माणसांना काय करता येत नाही ते आधी लिहून काढा. मग प्लेअरांच्या हातातला एकेक मंत्र त्या यादीशी ताडून पाहा. खरं काम तिथे आहे.

२००४ ची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ घेऊ. तिच्या पहिल्याच भागाचं नाव ‘३३’. दर ३३ मिनिटांनी सायलॉन, म्हणजे माणसांच्या जिवावर उठलेले यंत्रमानव, माग काढत येतात, माणसांच्या उरल्यासुरल्या यानांचा ताफा क्षणात दूर उडी मारून निसटतो, आणि पुन्हा ३३ मिनिटं मोजायला लागतात. भाग सुरू होतो तेव्हा अशा २३७ उड्या झालेल्या असतात आणि कुणी धड झोपलेलं नसतं. आता ताफ्याच्या जागी बैलगाड्यांचा काफिला ठेवा. उडी नाही, यंत्रं नाहीत. ३३ हा आकडाही सोडून द्या. आपल्याला हवी आहे ती झोपमोड.

आपल्या खेळात लाँग रेस्ट, म्हणजे पूर्ण विश्रांती, आठ तासांचा. पाठलाग करणारे दर सहा तासांनी येतात असं धरा. दोन तास पळापळ, उरले चार. म्हणजे माणसांना लाँग रेस्ट कधीच मिळत नाही आणि स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधी, परत येत नाहीत. २४ तासांत लाँग रेस्ट झाला नाही तर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो (शरीराच्या चिवटपणावर टाकायचा बचावाचा फासा), असा एक पर्यायी नियम आहे. सुरुवातीला १० गाठायचे, पुढच्या प्रत्येक दिवसाला त्यात ५ ची भर. हुकला की थकव्याची एक पायरी, आणि सहाव्या पायरीला मृत्यू. मालिकेतली ती तारवटलेली माणसं तुम्हाला वर्णन करून सांगावी लागत नाहीत. प्लेअरच फासे उचलताना कुरकुरू लागतात.

यात एक फट राहते. एल्फला चार तासांचं ध्यान पुरतं. वॉरलॉकचे, म्हणजे करार करून जादू मिळवणाऱ्याचे, स्लॉट तर तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्येच भरतात. बरेच डंजन मास्टर घाईघाईने ही फट बुजवतात. कृपा करून बुजवू नका. सगळा काफिला लडखडत चाललाय आणि चार एल्फ ताजेतवाने आहेत, हे पाहून गाड्यांवरची माणसं काय बोलू लागतील? आणि सैतानाशी करार केलेला वॉरलॉक हाच सगळ्यांचा आधार ठरला, तर त्याच्यावर कोण आणि किती विश्वास ठेवणार? ही भांडणं मालिकेत नाहीत, पण मालिकेच्याच जातीची आहेत.

अन्नाचंही तसंच. ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ हा तिसऱ्या पातळीचा मंत्र पंधरा जणांचं एका दिवसाचं भागवतो. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे (दैवी मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याकडे) तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट, म्हणजे तीस माणसं. काफिल्यात हजार आहेत. त्या तिसांत कोण, हे क्लेरिकच्या प्लेअरलाच ठरवू द्या, आणि निदान चार-पाच जणांना नावं देऊन ठेवा. मालिकेत राष्ट्राध्यक्षांच्या यानातल्या पांढऱ्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो. तसा एक कागद टेबलावर ठेवा आणि आकडा प्लेअरांनाच खोडायला लावा.

आता घरभेदी. ‘झोन ऑफ ट्रूथ’ हा खोटं बोलू न देणारा मंत्र टाकला की सगळं रहस्य दहा मिनिटांत संपेल, अशी भीती हमखास असते, आणि ती रास्तच आहे, जर तुम्ही घरभेदी म्हणून डॉपलगँगर, म्हणजे दुसऱ्याचं रूप घेणारा प्राणी, ठेवला असेल. त्याला आपण कोण ते पक्कं ठाऊक असतं. मालिकेतली शॅरन व्हलेरी हुबेहूब माणसासारखी आहे, आणि तिला मात्र आपण सायलॉन आहोत हेच माहीत नसतं. तो मंत्र जाणूनबुजून बोललेलं खोटं तेवढं अडवतो. ती ‘मी तुमचीच आहे’ म्हणाली, तर मनापासून म्हणेल आणि मंत्र तिला अडवणार नाही. उलट जिची एकदा अशी परीक्षा झाली तिच्यावर पुन्हा कुणी संशय घेणार नाही. जो मंत्र कॅम्पेन मोडेल असं वाटत होतं, तोच शत्रूच्या कामी आला.

हा घरभेदी एखाद्या प्लेअरचं कॅरॅक्टर असावा का? माझ्या मते असावा, पण आधी विचारून. पहिल्या सेशनच्या आधी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा: तुझ्या कॅरॅक्टरबद्दल असं काही पुढे उघड झालं तर चालेल? हो म्हणतील त्यांतला एक निवडा. नाही म्हणणाऱ्याची समजूत घालत बसू नका.

मेलेल्याला परत आणणं मात्र मी सरळ बंद करतो. मालिकेत पुन्हा नव्या शरीरात जागं होणं हे शत्रूचं बळ आहे. तेच प्लेअरांना एका मंत्रासाठी लागणाऱ्या तीनशे सोन्याच्या नाण्यांच्या हिऱ्यात मिळालं, तर त्या कागदावरच्या आकड्याला काही किंमत उरत नाही.

राहता राहिला ‘ऑलिंपिक कॅरिअर’चा प्रसंग. ताफ्यातलं एक यान मागे राहतं, आणि नेमका त्यानंतर पाठलाग थांबतो. मग ते यान परत येतं. आत माणसं आहेत की नाहीत हे न कळताच ते उडवावं लागतं. तुमच्याकडे मागे राहिलेल्या वीस गाड्या परत येतील. त्यांत कोण आहे हे मालिका धूसर ठेवते, तुम्ही ठेवू नका. प्लेअर घुबड पाठवून बघतील, मंत्र टाकतील, हाका मारतील, आणि प्रत्येक प्रयत्नाला तुम्हाला प्रामाणिक उत्तर द्यावं लागेल. म्हणून खरं काय ते सेशनच्या आधीच लिहून ठेवा, आणि प्लेअरांनी काहीही ठरवलं तरी ते बदलू नका.