हेडस्टॉकवरचा देश आणि फ्रेटची टोकं

आपल्या मंडळातले आईबाप मला फोन करतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो. मुलगी दोन वर्षं क्लासमधल्या गिटारवर शिकली, आता तिला स्वतःची इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. दुकानात गेलं तर फेंडर कंपनीची एकच स्ट्रॅटोकास्टर तीन किमतींना टांगलेली. एक कॅलिफोर्नियातली, एक मेक्सिकोतली, आणि तिसरी, जिच्यावर स्क्वायर असं नाव असतं, ती इंडोनेशियातली नाहीतर चीनमधली. घाट तोच, पिकअप (तारांचं कंपन टिपणारे भाग) तीनच, तारेची लांबी तीच २५.५ इंच. पण तिसरीच्या दोन-तीनपट पैसे मेक्सिकोतलीला आणि मेक्सिकोतलीच्या दुप्पट अमेरिकनला. मग प्रश्न येतो, "अमेरिकनच घेऊन टाकू का? पुन्हा पुन्हा कोण घेतंय."

मी न्यू जर्सीत घराच्या तळघरात वीस वर्षं गिटार दुरुस्त करतोय. तिन्ही देशांच्या गिटारी माझ्या टेबलावर उघड्या पडतात. म्हणून मी उलट विचारतो की त्या गिटारीत नंतर सुधारता येईल असं काय आहे आणि सहजासहजी सुधारता येणार नाही असं काय आहे? पैसे कुठे घालायचे ते यावर ठरतं.

आधी थोडा इतिहास, कारण "अमेरिकन म्हणजे अस्सल" हे आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाहेर पडली. १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली, आणि पुढच्या वर्षांत मालाचा दर्जा घसरत गेला. त्याच काळात जपानी कारखाने जुन्या अमेरिकन गिटारींच्या नकला इतक्या नेकीने करायला लागले, की १९८२ मध्ये फेंडरनेच जपानी भागीदारांबरोबर कंपनी काढली आणि तिथल्या मात्सुमोतो शहरातल्या फुजिगेन कारखान्याकडून गिटारी करून घेतल्या. स्क्वायर हे नाव गिटारीवर आलं ते तिथेच. १९८५ मध्ये फेंडरचे तेव्हाचे अध्यक्ष बिल शुल्झ आणि सहकाऱ्यांनी सीबीएसकडून फेंडर विकत घेतली, पण फुलरटनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता. कॅलिफोर्नियातल्याच कोरोना या गावी नवा कारखाना उभा राहून चालू होईपर्यंत ही अमेरिकन कंपनी मुख्यतः जपानी गिटारींवर जगली. त्या काळातले जपानी नग लोक आज शोधून शोधून, चढ्या भावाने घेतात. मेक्सिकोतला एन्सेनाडाचा कारखाना १९८७ चा. कोरोनाहून मोटारीने निघालात तर सरहद्द ओलांडून काही तासांत तिथे पोचाल.

मग किमतीत एवढी तफावत का? लाकूड कापतं ते बहुतेक सगळीकडे संगणकावर चालणारं यंत्रच. यंत्र थांबल्यावर माणसाचा हात त्या गिटारीवर किती वेळ फिरला आणि त्या हाताला ताशी किती मजुरी पडली, यातच फरकाचा मोठा हिस्सा आहे.

हे जवळून बघायचं असेल तर फ्रेट बघा, म्हणजे नेकवर, गिटारीच्या मानेवर, बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. मागच्या जानेवारीत एक मुलगा त्याची इंडोनेशियन गिटार घेऊन आला. नेकच्या कडेवरून मी अंगठा फिरवला आणि तो खरवडला. इथे हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा कोरडीठाक होते, लाकूड आक्रसतं. धातूची फ्रेट आक्रसत नाही, म्हणून तिची टोकं दोन्ही बाजूंनी केसभर बाहेर येतात. हे अमेरिकन गिटारीतही होतं. पण तिथे टोकं आधीच गोल केलेली असतात, फिंगरबोर्डची (फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीची) कडही वापरून झिजल्यासारखी किंचित गोलावलेली असते, त्यामुळे हाताला बोचत नाही. त्या मुलाच्या गिटारीत टोक तिरपं कापून तसंच सोडलं होतं. मी फ्रेटच्या दोन्ही बाजूंना लाकडावर टेप लावली, बारीक कानस घेतली आणि एकेक टोक तीन-चार हात मारून गोल केलं. एकवीस फ्रेट, म्हणजे बेचाळीस टोकं. शेवटी बारीक पॉलिश पेपर. दोन तास गेले. त्याने हात वरून खाली फिरवला आणि काही न बोलता वाजवायलाच बसला. कारखान्याने वाचवलेले पैसे म्हणजे हे दोन तास, आणि ते नंतर भरून काढता येतात. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर कसा घोडीवर कानस मारतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस मारतो, ते तुमच्यापैकी कोणी पाहिलं असेल. हे काम त्याच जातीचं आहे.

सुटे भागही बदलता येतात, पण घेण्याआधी माप घ्या. अमेरिकन पॉटचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाचा) दांडा इंचात आणि स्वस्त आयात गिटारीतला छोटा पॉट मिलिमीटरमध्ये असतो. एकाचं बटण दुसऱ्यावर बसत नाही, मोठ्या पॉटसाठी भोक वाढवावं लागतं. ब्रिजचंही, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचंही, तसंच. जुन्या अमेरिकन मापात पहिल्या आणि सहाव्या तारेत साधारण ५६ मिलिमीटर अंतर असतं, बऱ्याच स्वस्त ब्रिजमध्ये ५२.५ च्या आसपास. "आत्ता स्वस्तातली घेऊ, मग हळूहळू भाग बदलू" हा बेत इथे अडतो. बदलायचे तर पिकअप बदला. त्याने आवाजात फरक पडतो आणि गिटार कापावी लागत नाही.

लाकडाबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या जातीच्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची कागदपत्रं बंधनकारक झाली. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली, पण मधल्या काळात कंपन्यांनी स्वस्त गिटारींच्या फिंगरबोर्डसाठी दुसरी लाकडं शोधली. स्क्वायर आणि गिब्सन कंपनीच्या मालकीच्या एपिफोनच्या कित्येक गिटारींच्या माहितीपत्रात आज 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं असतं. हा लॉरेल म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, सह्याद्रीत पावलोपावली भेटणारा. महागड्या गिटारींवर शिसवी, स्वस्त गिटारींवर ऐन, आणि दोन्ही झाडं आपल्या घाटातली. तेलपाणी केलं तर ऐन बोटाखाली उत्तम चालतो. त्याच्यासाठी हजार डॉलर जास्त मोजू नका.

लेस पॉलवाल्यांसाठी थोडक्यात. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची. एपिफोन गिब्सनने १९५७ मध्ये विकत घेतली, आणि आज तिच्या बहुतेक गिटारी आशियात बनतात. गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं, पातळ आणि सुंदर जुनं होणारं. एपिफोनवर जाड, टणक पॉलीचा (प्लॅस्टिकसारख्या लॅकरचा) थर. पण गिब्सनची मान महोगनीची, डोकं पारंपरिक १७ अंशांत मागे झुकलेलं, आणि नटच्या (डोक्याजवळच्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागेच ट्रस रॉडसाठी, म्हणजे मानेतल्या धातूच्या सळईसाठी, लाकूड कोरलेलं. स्टँडवरून पडली तर तिथेच तुटते. बऱ्याच आयात गिटारींत डोकं वेगळ्या तुकड्याचं करून तिरप्या सांध्याने जोडतात. दिसायला ते कमअस्सल वाटतं, पण लाकडाचे रेषे मोडत नाहीत. मुलगी बँडबरोबर शाळाशाळांत नेणार असेल तर हे लक्षात ठेवा.

आता जे सहजासहजी सुधारता येत नाही ते. नेक. मी स्वतः तरुणपणी, दोन वर्षं पैसे साठवून, एका दुकानातून टपालाने अमेरिकन गिटार मागवली. लेबल बघितलं आणि हरखलो. नेकला पीळ होता, दोरी वळताना बसतो तसा. ट्रस रॉड पुढे-मागे आलेला बाक काढतो, पीळ काढत नाही. मला ते कळेपर्यंत परत करायची मुदत संपली होती. ती गिटार पाचव्या फ्रेटपुढे कधीच नीट वाजली नाही. अजून वाईट वाटतं.

म्हणून दुकानात गिटार डोळ्याशी धरा, बॉडीकडून डोक्याकडे, बंदुकीचा नेम धरतात तशी. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडा एकाच पातळीत दिसल्या पाहिजेत, एक वर एक खाली नको. मग सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्यापाशी किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून जास्त नको. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, अँप न लावता. कुठे स्वर मरतो, कुठे खरखरतो ते कानाला लगेच कळतं. दहा मिनिटं लागतात. दुकानदार घाई करायला लागला तर दुसऱ्या दुकानात जा.

पहिल्या गिटारीसाठी माझा कौल सरळ आहे. मेक्सिकोतली, वापरलेली, नेक सरळ असलेली. तेवढं बजेट नसेल तर इंडोनेशियन घ्या आणि ७० ते १०० डॉलर सेटअपसाठी (नेक आणि तारांची उंची जुळवून घेण्यासाठी) बाजूला ठेवा. टोकं फारच वाईट असतील तर थोडे जास्त. अमेरिकन घ्यायची तर ती वाजवणाऱ्याला स्वतःला फरक कळायला लागल्यावर, आणि तीही हातात घेऊन, टपालाने नाही.

इथे टेबलावर तीन गिटारी ठेवल्या आहेत. हेडस्टॉकवर, म्हणजे डोक्यावर जिथे नाव आणि देश लिहिलेला असतो तिथे, मी कागद चिकटवलाय. मुलांना पुढे येऊ द्या. डोळे मिटून नेकच्या कडेवरून अंगठा फिरवा, आणि कुठली घरी न्यावीशी वाटते ते सांगा. कागद नंतर काढू.